वरच्या घराचा दिवा

२ जानेवारी

मनस्वीने ही डायरी आणून दिली. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला ती ज्या कारखान्याच्या ऑफिसात आहे, तिथे नवीन वर्षाला सगळ्यांना वाटतात. म्हणाली, "आई, होमस्टेच्या पाहुण्यांचं यात लिहीत जा." पाहुणे आहेत कुठे लिहायला? दिवाळीत पाटी लावली, तेव्हापासून दोनदा माणसं आली. दुसरी आली ती डोंबिवलीची. त्यांनी खिडकी उघडली, समोर रावजीभावोजींचा शेळ्यांचा गोठा बघितला आणि बंद केली. जाताना म्हणाले, जेवण छान होतं. म्हणजे बाकी काही छान नव्हतं, एवढं मलाही कळतं.

त्यामुळे मी आपलं माझंच लिहिणार. हे, म्हणजे मनस्वीचे बाबा, जयगडच्या बंदरात क्रेनवर आहेत आणि आठवड्यातून एकदा घरी येतात. बोलायला माणूस नसलं की मी भांड्यांशी बोलते. त्यापेक्षा डायरी बरी.

आमच्या वाडीत आता पाच घरं उघडी आहेत. बाकीच्यांची माणसं मुंबईला. त्यांच्या किल्ल्या आमच्या दारामागे खिळ्यांना लटकतात. सासूबाई होत्या तोवर त्या सांभाळायच्या, त्या गेल्यावर आपसूक माझ्याकडे आल्या. बंद घरांत अवसे-पुनवेला झाडलोट करून दिवा लावायचा, एवढंच काम. फक्त केरूकाकांच्या वरच्या घरी रोज तिन्हीसांजेला दिवा लागतो. काका ह्यांचे चुलत चुलते. मुंबईला जाताना सासूबाईंना म्हणाले होते, "वयनी, माझ्या देवांना काळोखात ठेवू नको." तेव्हापासून रोज पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून जायचं आणि दिवा लावून यायचं. तेल आमच्या घरचं. त्याचा विषय कधी त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही.

आजही लावून आले. मनस्वी बरोबर होती. मागीलदारी उभी राहून तिने फोटो काढले. काकांच्या मागीलदारात उभं राहिलं की समोर नुसतं रान आणि पलीकडे धबधब्याचा कडा. ती म्हणाली, "आई, लोक यासाठी येतात गं. आपण त्यांना गोठा दाखवतोय."

९ जानेवारी

पुण्याहून वेदिका नावाच्या मुलीचा फोन आला. पक्षी बघणारा ग्रुप आहे, चारजण येणार. "ते फोटोतलं घर आम्हाला हवंय. मागे जंगल असलेलं."

मनस्वीने होमस्टेच्या इंटरनेटवरच्या पानावर काकांच्या मागीलदाराचा फोटो टाकला होता. मला विचारलं नव्हतं. मी सांगणार होते की ते घर आमचं नाही. तोंड उघडलंही होतं. पण ती म्हणाली, "किती दिवस शोधत होतो असं काहीतरी." आणि मी म्हणाले, "या की."

फोन ठेवल्यावर मनस्वीला झापलं. ती म्हणाली, "मग नाही का सांगितलंस?" बरोबरच आहे तिचं.

१७ जानेवारी

आले. सकाळपासून वरचं घर धुऊन काढलं. कॉट नाहीत म्हणून माझ्या चटया आणि गाद्या नेल्या. सगळं झाल्यावर देव्हाऱ्यापाशी येऊन बसले. पाहुण्यांना मासे लागतात. ज्या घरात देव आहेत आणि घरधनी नाही, तिथे परक्या माणसांनी सुरमई खायची, हे मला पटेना. पाहुण्यांना वरणभात घालते असंही म्हणता आलं असतं. ते सुचलं नाही असं नाही.

मी देवांना हात जोडले आणि म्हणाले, दोन दिवसांसाठी माझ्याकडे चला. टाक आणि बाळकृष्ण ताम्हनात घेतले. गणपतीत काकांनी मांडलेला घराण्याचा नारळ पदरात घेतला आणि पाखाडी उतरून आले. आमच्या देव्हाऱ्यात वेगळा पाट देऊन बसवले. आमच्यात दुसऱ्याच्या मूळ घरातले देव असे कोणी हलवत नाही. हलवायचे तर घरधन्याने देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालावं लागतं. मी घरधनी नाही, किल्लीवाली आहे.

पाहुणे मात्र गुणी. संध्याकाळी मागीलदारी बसून हळू आवाजात बोलत होते. वेदिका मला दुर्बिणीतून दाखवत होती. बेहड्याच्या झाडात ढोली आहे, धनेशाची मादी आत जाऊन बसायच्या बेतात आहे. आम्ही त्याला नुसतं गरुडच म्हणतो. मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो, पिल्लं मोठी होईपर्यंत. ती चौघं हे सांगताना अगदी हळवी झाली. मी म्हटलं, "आमच्याकडे घरोघरी तेच आहे की, नर मुंबईला." तेव्हा वेदिका मोठ्याने हसली. मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, "सॉरी, इथे किती शांत आहे ना."

ही शांतता रानाची नाही, हे तिला कसं सांगू? ही बंद घरांची आहे. जिथे ते रान बघतायत तिथे काकांचे भाताचे मळे होते. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या मळ्यात लावणीच्या वेळी बायकांचा एवढा आवाज असायचा की खालच्या घरात ऐकू यायचा. काका मुंबईला गेले, मळे ओस पडले. आधी करवंदं आली, मग उक्षी, मग ऐन, किंजळ. रान आलं तसे गवे आणि वानरं आली. मग उरलेल्या माणसांनी शेती सोडली आणि तीही गेली. आता त्या रानासाठी माणसं पुण्याहून येतात.

१९ जानेवारी

गेले. देव परत नेले, दिवा लावला. घराला माणसांचा वास येत होता, साबणाचा आणि कॉफीचा. मला बरं वाटलं. बंद घराला कसर लागते, उघडं राहिलं तर चांगलंच. काकांच्याच घराचं भलं होतंय.

हे आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "काकांना विचारलंस?"

"विचारते."

"मी विचारू?"

"मी विचारते म्हटलं ना."

 वाढलेली भाकरी अर्धी ठेवून उठले.

४ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात दोन ग्रुप आले, परवा एक जोडपं. वेदिकाने कुठेतरी भरभरून लिहिलंय म्हणे. मनस्वी खुशीत आहे. देव आता माझ्याकडेच असतात. दर वेळी ने-आण बरी नव्हे, त्यांनाही त्रास. दिवा मी आमच्याच देव्हाऱ्यात त्यांच्यापुढे वेगळा लावते.

काकांना फोन करायचा आहे. रोज ठरवते. शिमग्याला येतीलच, तेव्हा तोंडीच सांगावं. फोनवर नीट सांगता येत नाही.

१२ फेब्रुवारी

केरूकाकांच्या बायकोचा, काशीकाकींचा फोन. नालासोपाऱ्याहून, मुलाच्या, विनोदच्या मोबाइलवरून.

"काय गो शमिका, घर बरा हाय ना?"

"बरं आहे की काकी."

"ऐक. ह्येंचा हितं मन लागत नाय. दिसभर गॅलरीत बसून ऱ्हातात. काल म्हंतात कसे, मी गावाला जातो आनि तिकडंच ऱ्हातो. मी म्हटला, मना टाकून? तर म्हंतात, तू पन चल. आता येतो ते ऱ्हायलाच. शिमग्याची वाट बगत नाय, ह्या आयतवारीच येतो."

रविवारी पाहुणे आहेत. त्याच्या पुढच्या रविवारीही वेदिकाचे आहेत. वाडीतली माणसं परत येणार, कायमची येणार, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तर हे.

मी म्हटलं, "काकी, एवढ्यात नका येऊ. वानरांनी कौलं फोडलीत. छपराच्या मागच्या पाखाची निम्मी गेली. शिमग्यापर्यंत बसवून घेते, मग या."

"आगो बाय," काकी म्हणाल्या. मग मागे काकांना सांगितलेलं ऐकू आलं. काका काय म्हणाले ते कळलं नाही. काकी परत फोनवर आल्या. "ह्ये म्हंतात, पोरीवर किती भार टाकतोय आपन. बरा तर, शिमग्याला येतो."

एकही कौल फुटलेलं नाही. वरच्या घराच्या कौलाला वानर कधी शिवत नाही, कारण छपरापर्यंत पोचणारं झाड तिथे नाही. इतक्या पटकन मला खोटं सुचलं. मी नेहमी म्हणते की मला खोटं बोलता येत नाही. येतं की.

१३ फेब्रुवारी

आज सगळं करपलं. आधी दूध, मग आमटी. रावजीभावोजींनी विचारलं, बरं नाही काय. मी म्हटलं, बरं आहे. हेही खोटंच.

२३ फेब्रुवारी

काल सकाळी मनस्वीकडे रत्नागिरीला गेले होते, तिला ताप आहे. वेदिकाचा ग्रुप सकाळीच आला, त्यांचं जेवण करून ठेवून गेले. आज दुपारी परत आले, येताना मिरकरवाड्याहून बांगडे आणले. वेदिका पाखाडीवरच भेटली.

"मावशी, तुमचे ते काका किती गोड आहेत."

"कुठले काका?"

"काल दुपारी आले होते. आम्हाला वाटलं तुमचा माणूस. पाणी तापत नव्हतं, तर त्यांनी मागच्या चुलीत जाळ करून दिला. चूल कशी पेटते ते दाखवलं. मग म्हणाले, कौलं बघायला आलोय. शिडी लावून वर गेले, सगळं फिरून बघितलं. खाली आले आणि म्हणाले, एक पण कौल फुटलेला नाय."

मी विचारलं, आणखी काय म्हणाले. ती म्हणाली, "काही नाही. आत येऊ का, असं विचारलं. मग थोडा वेळ आत होते. आम्ही चहा दिला, पायरीवर बसून प्यायले. धनेशाकडे बघत होते. त्याला गरुड म्हणतात ते. एसटीची वेळ झाली म्हणून गेले."

खालच्या वाडीत कौलं बसवणारा एकजण आहे, त्याला ह्यांनी सांगितलं असेल. मी कौलांचं बोलले होते ह्यांच्याजवळ, की नव्हते बोलले? फोन लावला, पण ड्युटीवर उचलत नाहीत. तोच असेल, दुसरं कोण येणार?

२४ फेब्रुवारी

ह्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर वरचं घर झाडायला गेले. रिकाम्या देव्हाऱ्यात नारळ ठेवला होता. असोला, न सोललेला नारळ, शेंडीला हळदकुंकू लावलेलं. मुंबईहून देवांसाठी आणला असणार. देव नव्हते, तरी जागेवर ठेवून गेले.

मी तिथेच बसून राहिले. आपल्या घराच्या पायरीवर बसून ते दुसऱ्याच्या हातचा चहा प्यायले. आपल्याच चुलीत परक्यांसाठी जाळ केला. आपल्याच दारात उभं राहून आत येऊ का म्हणून विचारलं. त्या मुलांनी नाही म्हटलं असतं तर तसेच गेले असते.

खाली येताना रावजीभावोजींनी विचारलं, "परवा केरूदादा आला व्हता काय? तिठ्यावर एसटीत चडताना बगितल्यासारखा वाटला." मी म्हटलं, "नाही बाई."

काकांना फोन करायला हवा. हात लावते आणि ठेवते.

१ मार्च

काकींचाच फोन आला. मी तयारी करूनच बसले होते की आता काकी बोलतील, आणि बोलू देत.

"शमिका, तू सांगितलास त्ये खरा निघाला गो. ह्ये बगायला जाऊन आले. मना न सांगता गेले, म्हातारपनी अशी हौस. म्हंतात, कौलं पार गेल्यात, वासे पन सडल्यात, तिथं ऱ्हायच्या जोगा काय ऱ्हायलेला नाय. शमिका करत्ये तेवढा पुष्कळ करत्ये."

काकी पुढे बोलतच होत्या.

"आता जायाचा नाव काढत नाय. परत गॅलरीत बसल्यात. विनोद म्हंतो, मंग ठेवून तरी काय करायचा? कोन पुन्याचा पार्टी हाय, रानातल्या जागा घेतो, बंगले बांधतो. घर, मळे, झाडांसकट सगळा घेनार. ह्येंना विचारला तर म्हनाले, द्या. मी म्हटला, शिमगा होऊ दे."

मग म्हणाल्या, "तू वाईट वाटून घेऊ नको हां."

काकांनी मला पाठीशी घातलं. काकींना एवढं खोटं सांगितलं, ज्या बाईपासून त्यांनी कधी काही लपवलं नाही तिला. आणि तेवढ्या खोट्यापायी आता घर विकलं जाणार, कारण पडकं घर कोण ठेवेल? मी आत्ता एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. काकी फोन धरून होत्या. मी म्हणाले, "तब्येतीला जपा."

१५ मार्च

आज देवीची पालखी वाडीत आली. मुंबईची माणसं आली आहेत, खिळ्यांवरच्या बऱ्याच किल्ल्या गेल्या. वरच्या घरी कोणी आलं नाही. विनोदने फोन केला की बाबांना बरं नाही, तुम्हीच ओटी भरा.

देव मी काल परत नेऊन बसवले होते. अंगण सारवलं, रांगोळी काढली. पालखी अंगणात टेकली, मी ओटी भरली. गाऱ्हाणं घालायचा मान रावजीभावोजींचा. ते पालखीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "घरधनी कुठं हाय?"

सगळी वाडी होती. मुंबईची होती, मनस्वी होती, हे होते. मी देवीसमोर उभी होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांना सगळं ठाऊक आहे, मीच सांगितलं आहे.

मी म्हणाले, "बरं नाही त्यांना. म्हणून आले नाहीत."

भावोजींनी तसंच गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, केरूचा दुखना बरा कर, त्येला आपल्या घराकडं घेऊन ये." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीसुद्धा म्हटलं. पालखी उठली, ढोल पुढे गेला, आणि मी अंगणातला गुलाल झाडायला लागले. हे आले आणि माझ्या हातातला झाडू काढून घेतला. म्हणाले, "देवीला खोटं सांगितलंस ते सांगितलंस. आता काकीला खरं सांग. मी सांगितलं तर ते तुझं होणार नाही."

२२ मार्च

केला फोन. काकींनाच फोनवर बोलावलं. ज्या वेळी काका देवळात जातात ती वेळ बघून केला.

"काकी, तुमच्या घराची कौलं फुटलेली नाहीत."

"काय?"

"एकही नाही. वासेही चांगले आहेत. मी खोटं बोलले."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकींनी गॅस बंद केलेला ऐकू आला.

"आनि ह्ये? ह्ये तर बगून आले."

"काका आले तेव्हा तुमच्या घरात माझे पाहुणे होते. पुण्याचे. जानेवारीपासून ठेवते मी. तुम्ही येऊ नये म्हणून कौलांचं सांगितलं. काकांनी बघितलं आणि मला वाचवायला तुम्हाला तसं सांगितलं."

  मी सांगतच गेले, चटया, सुरमई, फोटो, सगळं. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"देव कुठं व्हते?" काकींनी विचारलं.

"माझ्याकडे आणले होते. आता परत नेलेत."

"पाट दिलावतास काय त्येंना, का नुसतंच ठेवलावतास?"

"वेगळा पाट दिला होता. दिवाही वेगळा."

"बरा केलास," काकी म्हणाल्या आणि फोन ठेवला. हे रागाने म्हणाल्या की खरंच म्हणाल्या, ते दिवसभर विचार करूनही कळलं नाही.

वेदिकाचा मेसेज आला होता, एप्रिलमध्ये यायचं म्हणून. नाही म्हणून कळवलं. कारण विचारलं, तर लिहिलं की ते घर आमचं नाही. तिने एवढंच लिहिलं, "मग ते काका?" 

३० मार्च, पाडवा

सकाळच्या एसटीने आले दोघं. बरोबर पेटी, दोन पिशव्या आणि काकांच्या हातात गुढीची काठी. काठी मुंबईहून आणायची काय गरज, रानात बांबूचं बेट आहे. पण आणली होती.

मी पाखाडीच्या तोंडाशी किल्ली घेऊन उभी होते. काकींनी हात पुढे केला, मी किल्ली ठेवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काकींनी मला जवळ घेतलं नाही. पाया पडायला वाकले, तर पाय मागे घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. तशाच उभ्या राहिल्या, मग वर चढायला लागल्या.

काका मागे राहिले. दम लागला होता. पाखाडीच्या चिऱ्यावर बसले. मी म्हटलं, "काका, का नाही सांगितलंत? मला शिव्या घालायच्या होत्या."

त्यांनी काठी आडवी मांडीवर घेतली. "तसा नाय गो. मी पाखाडी चडून आलो तर मागीलदारी हसन्याचा आवाज. इतक्या वर्सांनी माज्या घरात मानसं हसत व्हती. मी म्हटला, आपन गेलो तर ही उटून जातील. आपन दोन म्हातारी. खोकनार, लवकर झोपनार. त्येंच्यापक्षी हीच बरी."

"तुमचं घर आहे, काका."

"व्हय," ते म्हणाले. "पन आत येऊ काय म्हनून विचारला तवा ती पोरगी म्हनाली, या ना. मना बरा वाटला."

मला ओरडलेलं परवडलं असतं. वरून काकींची हाक आली, "आवो, येताय का तिथंच ऱ्हाताय?" ते उठले. गुढी उभारली ती खालून दिसली. आमच्या गुढीच्या वर.

३ एप्रिल

विनोदचा ह्यांना फोन होता. पुण्याच्या पार्टीला काकींनी नाही कळवलं. सही करणार नाही म्हणाल्या. विनोद चिडला आहे, चिडू दे.

काकांनी मागीलदारची करवंदं आणि उक्षी तोडायला घेतली आहे. दोन मळे साफ करून पावसात भात लावणार म्हणतात. या वयात कोण लावणार, पण कोयता चालू आहे. वेदिकाला कुठून कळलं देव जाणे, मनस्वीला फोन केला की ढोलीच्या झाडाला हात लावू देऊ नका, आत मादी आणि पिल्लं आहेत. मनस्वीने काकांना सांगितलं. काका म्हणाले, "गरुडाचा झाड माज्या बापाशीने राखला, मी राखतो. बाकी माजा भात व्हता."

मोहितेंच्या घराची किल्ली खिळ्यावर परत आली नाही. शिमग्याला आले होते, जाताना बरोबर घेऊन गेले. काल दुसऱ्या एकांचा मुंबईहून फोन आला, "आमच्या घरात कोन उतरत नाय ना गो?" हसत विचारलं. मी नाही म्हटलं. खरं सांगूनही ते खोट्यासारखं ऐकू आलं.

७ एप्रिल

तिन्हीसांजेला रोजच्यासारखी उठले, पदराला हात पुसले आणि दारामागच्या खिळ्याकडे हात गेला. खिळा रिकामा. वर बघितलं तर दिवा लागलेला होता. काकींनी लावला असणार, त्या वेळेच्या पक्क्या आहेत. घरात माणसं आहेत, दिवा आहे, चुलीचा धूर दिसतो. मी सासूबाईंच्या वेळेपासून हेच मागत आले आणि आता ते बघवत नाही मला.

पाठ वळवली तर पायरीवर तेलाची बाटली ठेवलेली. आमचीच बाटली, वरच्या घरी देव्हाऱ्याशेजारी असायची ती. काठोकाठ भरलेली, बूच घट्ट, बाहेरून पुसून काढलेली. कधी ठेवून गेल्या कळलं नाही. हाक मारली नाही, कडी वाजवली नाही.

एवढ्या वर्षांचं तेल परत केलं काकींनी. काय काय सुनावलं असतं तरी चाललं असतं मला. बाटली अजून पायरीवरच आहे, आत घेतली नाही.